साहेबांनी ‘इंटरॉगेट’ केलं, असं लिहावं का?

प्रश्न असा आला आहे. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी एचआरला ईमेल लिहिला. माल रिजेक्ट होऊन परत आल्यावर मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून तासभर प्रश्न विचारले होते. ते सांगताना त्यांनी ‘आय वॉज इंटरॉगेटेड’ असं वाक्य घातलं. एचआरने नेमका तोच शब्द धरला, ‘हा आरोप आहे, मागे घ्या’ म्हणाले. गृहस्थांचं म्हणणं, डिक्शनरीत तर ‘प्रश्न विचारणे’ एवढाच अर्थ आहे. मग या शब्दाचा खरा अर्थ काय, तो आला कुठून, आणि एन्क्वायरी, एक्झामिनेशन, इन्व्हेस्टिगेशन यांच्याहून तो वेगळा कसा?

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. फौजदारी कामं आणि कामगारांच्या एन्क्वायऱ्या या दोन्हीकडे माणसांना प्रश्न विचारण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

डिक्शनरी चुकलेली नाही आणि एचआरही अगदीच चुकलेलं नाही. इंटरॉगेट करणं म्हणजे अधिकाराच्या जोरावर, क्रमाने, मुद्दा न सोडता विचारत राहणं. कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर आणि थांबायचं केव्हा, हे सगळं विचारणाऱ्याच्या हातात. समोरच्याला मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही आणि त्याच्या उत्तराचे परिणाम त्यालाच भोगायचे असतात. ‘आस्क’मध्ये यातलं काहीच नाही, ‘क्वेश्चन’मध्ये थोडं आहे, ‘इंटरॉगेट’मध्ये पुरेपूर आहे. आवाज चढला होता का, टेबलावर हात आपटला होता का, याच्याशी शब्दाचा संबंध नाही. चहा पाजूनही इंटरॉगेशन होतं. खरं तर अनुभवी अधिकारी चहा पाजूनच करतात.

उच्चाराचं एका दमात सांगून टाकते. कोर्टाच्या आवारात सर्रास ‘इंट्रोगेशन’ ऐकू येतं, जणू ‘इंट्रोडक्शन’चं भावंड. शब्दात ‘इंट्रो’ नाही, ‘इंटर’ आहे, आणि स्पेलिंगमध्ये आर दोन. क्रियापद म्हणताना जोर ‘टे’वर येतो, नाम म्हणताना ‘गे’वर.

आता मूळ. लॅटिनमध्ये ‘इंटेर’ म्हणजे मध्ये आणि ‘रोगारे’ म्हणजे विचारणं, मागणं. दोन्ही मिळून ‘इंटेररोगारे’. नाम चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळलं, क्रियापद त्यानंतर शंभरेक वर्षांनी. एवढी माहिती कुठल्याही कोशात मिळेल. पण रोमन लोक हा ‘रोगारे’ वापरत कुठे, ते पाहिल्याशिवाय शब्दाचा स्वभाव कळत नाही.

रोममध्ये कायदा करायचा झाला की अधिकारी लोकांच्या सभेपुढे प्रस्ताव मांडायचा, आणि तो प्रश्नाच्या रूपात मांडायचा: असं व्हावं अशी तुमची इच्छा आहे का, तसा तुमचा हुकूम आहे का? या प्रस्तावाचं नावच ‘रोगातिओ’. पुढे मतदान पाट्यांवर होऊ लागलं तेव्हा होकारासाठी ‘उती रोगास’, म्हणजे ‘तू विचारतोस तसं होऊ दे’, या दोन शब्दांची आद्याक्षरं असत. नकारासाठी ‘अँटिक्वो’ याचं पहिलं अक्षर, अर्थ साधारण ‘जुनं आहे तेच राहू दे’. विचारणारा कितीही मोठा असो, सभेने उत्तर दिल्याशिवाय त्याच्या प्रश्नाचा कायदा होत नसे.

करारही असाच तोंडी व्हायचा. एकाने विचारायचं ‘स्पोन्देसने?’, म्हणजे वचन देतोस का. दुसऱ्याने तेच क्रियापद वापरून ‘स्पोन्देओ’, देतो, म्हणायचं. शब्दाला शब्द जुळला की देणं कायद्याने बांधलं गेलं. रोमन कायद्याच्या ग्रंथांत या प्रश्नालाच ‘इंटेररोगातिओ’ म्हटलेलं आहे. पोलीस कोठडीशी नाव जोडलं जाण्याच्या कितीतरी आधी हा शब्द उसनवारीच्या व्यवहारात बसलेला होता.

कोर्टातही तो होताच. साक्षीदाराला प्रश्न विचारणं म्हणजे इंटेररोगातिओ. इ.स.पू. ५६ मध्ये रोमचा नामांकित वक्ता आणि वकील सिसेरो याने वाटिनियस नावाच्या विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराची जी ‘इंटेररोगातिओ’ घेतली, ती भाषणाच्या रूपात आजही उपलब्ध आहे. वाचून पाहिली तर प्रश्न नावाला, आणि प्रत्येक प्रश्नाआडून साक्षीदाराची अब्रू काढलेली. आमच्या बाररूममधल्या काही ज्येष्ठांची उलटतपासणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

या ‘रोगारे’चं गोत्र इंग्रजीत मोठं आहे. कायदा मागे घेणं ते ‘ॲब्रोगेट’. एकाच्या जागी दुसऱ्याला निवडणं यातून ‘सरोगेट’. जे आपलं नाही तेही स्वतःसाठी मागणारा तो ‘ॲरोगंट’. ‘प्रेरोगेटिव्ह’ तर थेट मतदानातून आला: रोमन सभेत ज्या गटाला सगळ्यांच्या आधी विचारलं जाई तो गट, म्हणून तो मान, तो विशेषाधिकार. द्राक्षांच्या गाड्या चालवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना यातला ‘सब्रोगेशन’ चांगलाच ठाऊक असतो. विमा कंपनी नुकसानभरपाई देते आणि तुमच्या जागी उभी राहून दोषी पार्टीकडे वसुली मागते. लेटरवर सही करताना तो शब्द रोमचा आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

‘क्वेश्चन’, ‘क्वेरी’, ‘एन्क्वायरी’, ‘इन्क्वेस्ट’, ‘इन्क्विझिशन’ ही मात्र दुसऱ्या घरची मंडळी. त्यांचं मूळ ‘क्वेरेरे’, म्हणजे शोधणं. त्यामुळे एन्क्वायरी गोष्टीची होते, इंटरॉगेशन माणसाचं. इंग्रजी लिहिताना हा फरक कायम उपयोगी पडतो. पोलिसांनी ‘केस इंटरॉगेट केली’ असं लिहिलेले मसुदे माझ्याकडे येतात. केस ‘इन्व्हेस्टिगेट’ होते, संशयित ‘इंटरॉगेट’ होतो, आणि क्रियापदानंतर ‘टू’ लागत नाही. ‘एन्क्वायरी’ची दोन स्पेलिंग आहेत. ब्रिटिश वळण असं की ई लावून साधी विचारणा आणि आय लावून औपचारिक चौकशी. आपल्या कायद्यांत आयवालं चालतं, उदाहरणार्थ १९५२ चा चौकशी आयोगांचा कायदा. रेल्वेस्टेशनच्या पाटीवर ई.

मराठीत घोटाळा होतो तो इथेच. नाशिकरोडला गाडी कितीला येणार हे सांगणारी खिडकी ‘चौकशी’ची, आणि ईडीने एखाद्याला आठ तास बसवलं तीही ‘चौकशी’च. म्हणून बातमीदार पुढे विशेषण लावतात: ‘कसून चौकशी’, ‘सखोल चौकशी’. त्याहून गंमत ‘विचारपूस’ची. घरी आजारी माणसाची करतात ती विचारपूस. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये मात्र ठरलेलं वाक्य असतं: ‘त्यास विश्वासात घेऊन विचारपूस केली असता त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ हेच इंग्रजी बातमीत ‘ड्युरिंग इंटरॉगेशन’ होऊन येतं. मराठी वाक्य कानाला मऊ लागतं, इंग्रजी खरं बोलतं. आणखी एक. इंग्रजी शब्द त्या प्रसंगाला प्रश्नाच्या बाजूने नाव देतो, आपण उत्तराच्या बाजूने: ‘जबाब घेतला’, ‘जबाब नोंदवला’. कागदावर उरतं ते उत्तरच, त्यामुळे मला आपला शब्द जास्त कामाचा वाटतो. तोटा इतकाच की जबाबात प्रश्न दिसत नाही. ‘मी त्या दिवशी पंचवटीत होतो’ हे वाक्य माणूस आपणहून बोलला की पाचव्यांदा विचारल्यावर बोलला, हे जबाबावरून कळत नाही. ते काढून घ्यायला उलटतपासणी लागते.

कायद्यात या शब्दांच्या हद्दी बऱ्यापैकी आखलेल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण या व्याख्यांचा गाभा तोच राहिला. पोलीस पुरावा गोळा करतात ते ‘इन्व्हेस्टिगेशन’, म्हणजे तपास. खटला सोडून मॅजिस्ट्रेट किंवा कोर्ट जी चौकशी करतं ती ‘इन्क्वायरी’. तपासात पोलीस साक्षीदाराला विचारतात त्याला कायदा ‘एक्झामिनेशन’ म्हणतो, कलम १८०. जुना आकडा १६१, आणि बोलताना आम्ही सगळे अजून ‘एकशे एकसष्टचा जबाब’च म्हणतो. या जबाबावर सही घ्यायची नसते, हे माहीत नसल्यामुळे लोक निमूट सही करून येतात. कोर्टातली ‘एक्झामिनेशन’ तीन टप्प्यांची: साक्षीदार बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न ती सरतपासणी, विरुद्ध बाजूचे ती उलटतपासणी, पुन्हा पहिल्या बाजूचे ती फेरतपासणी. तिथे न्यायाधीश बसलेले असतात, प्रश्नाला हरकत घेता येते, आणि अपमान करण्यासाठी किंवा नुसता त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात.

मग ‘इंटरॉगेशन’ हा शब्द कायदा कुठे वापरतो? उदाहरणार्थ नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये. अटक झालेल्या माणसाला इंटरॉगेशन चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पण पूर्ण वेळ नाही. म्हणजे इथे कायदेमंडळाने हा शब्द वापरला तो अटकेतल्या माणसापुढच्या प्रश्नांसाठी. जामिनाच्या आदेशांत ‘कस्टोडियल इंटरॉगेशनची गरज नाही’ असं वाक्य येतं तेही याच अर्थाने. आमच्या बोलीत ‘पीसीआर’ मिळाला म्हणजे पोलीस कोठडी मिळाली, आणि ती मागताना मुख्य कारण बहुतेक वेळा हेच असतं. तुमच्या एचआरला शब्द झोंबला तो इथून. त्यांच्या कानात केबिन नाही, लॉकअप वाजलं.

उत्तर देण्याची सक्ती किती, याला मर्यादा आहेत. संविधानाचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीपर्यंत मागे नेलं. ओडिशाच्या या माजी मुख्यमंत्र्यांना पोलीस ठाण्यात बोलावून लांबलचक लेखी प्रश्नावली दिली होती. त्यांनी उत्तरं नाकारली म्हणून त्यांच्यावरच खटला भरला होता. बाईंना मुळात ठाण्यात बोलावलं कसं, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं, कारण स्त्रीला तपासासाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये स्त्रियांबरोबर १५ वर्षांखालची मुलं, साठीपुढची माणसं, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींनाही ही सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को चाचणीला मनाई केली. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. चालतो तो तिच्यातला तेवढाच भाग, ज्यामुळे एखादी वस्तू सापडली. ‘गोदावरीत कोयता टाकलाय, दाखवतो’ म्हणून कोयता निघाला, तर तेवढंच. म्हणूनच ‘विचारपूस केली असता कबुली दिली’ ही बातमी वाचून निकाल लागला असं समजणाऱ्यांची मला गंमत वाटते.

प्रश्नचिन्ह नसलेलं इंटरॉगेशन असू शकतं का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८० मध्ये हाच प्रश्न आला, ऱ्होड आयलंड विरुद्ध इनिस. मिरांडा निकालामुळे १९६६ पासून तिथे नियम होता की अटकेतल्या माणसाने वकील मागितला की वकील येईपर्यंत इंटरॉगेशन बंद. अटक झालेल्या इनिसने वकील मागितला होता. गाडीतून नेताना पोलीस आपसात बोलू लागले: जवळच दिव्यांग मुलांची शाळा आहे, लपवलेली बंदूक एखाद्या मुलीच्या हाती लागली तर काय होईल. त्याला कुणी काहीच विचारलं नाही. तोच मध्ये बोलला, गाडी मागे घ्या, बंदूक दाखवतो. न्यायालयाने म्हटलं की माणसाला स्वतःलाच अडकवणारं उत्तर निघण्याची वाजवी शक्यता आहे हे पोलिसांना कळायला हवं, असं कोणतंही बोलणं किंवा वागणं हे इंटरॉगेशनच. आणि मग या गाडीतलं संभाषण मात्र त्यात बसत नाही, असा निकाल दिला! व्याख्या उत्तम, ती लावण्याची पद्धत मला अजून पटलेली नाही. पण व्याख्या लक्षात ठेवा, तुमच्या केबिनच्या प्रसंगाला ती लागू करून पाहायची आहे. ब्रिटिश पोलीस आज संशयिताच्या बाबतीतही ‘इंटरव्ह्यू’ म्हणतात. शब्द बदलून वागणूक बदलते का, हा वेगळा विषय.

याच शब्दाचं एक सौम्य रूप दिवाणी कोर्टात आहे: ‘इंटरॉगेटरीज’. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ११ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीने विरुद्ध पक्षाला लेखी प्रश्न पाठवायचे, आणि त्याने दहा दिवसांत प्रतिज्ञापत्रावर उत्तर द्यायचं. कोर्टाने आदेश देऊनही उत्तर दिलं नाही तर वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. द्राक्षांचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्धच्या वसुलीच्या दाव्यांत हे हत्यार फार चांगलं चालतं. गाडी कुठल्या शीतगृहात उतरली, वजनपावतीवर कुणाची सही, पैसे कोणत्या खात्यात आले, हे साक्षीच्या कितीतरी आधी कागदावर येतं. आमचे बरेच वकील ते वापरत नाहीत, कारण त्यासाठी प्रश्न आधी विचार करून लिहावे लागतात.

यंत्रंही इंटरॉगेट करतात. विमानतळाचं दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर विमानाला ‘तू कोण’ विचारतं, त्यालाही इंटरॉगेशनच म्हणतात, आणि विमानातला ट्रान्सपाँडर १०९० वर उत्तर देतो. लढाऊ विमानांत आपला-परका ओळखणारी यंत्रणा असते तिचंही तसंच. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. त्या यंत्रणेत एक शहाणपण आहे: उत्तर आलं नाही म्हणून समोरचा शत्रू ठरत नाही, फक्त आपला असल्याची खात्री झाली नाही इतकंच ठरतं. काही तपास अधिकाऱ्यांना हे ऐकवावंसं वाटतं. घोटीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचणारं यंत्र तांत्रिक भाषेत इंटरॉगेटरच, आणि हृदयातल्या पेसमेकरची माहिती डॉक्टर बाहेरून काढून घेतात तेही ‘डिव्हाइस इंटरॉगेशन’. विद्यापीठांतले लोक हल्ली ‘टेक्स्ट इंटरॉगेट’ करतात, म्हणजे मजकुराची चिकित्सा. तो अर्थ खरा आहे, पण तो तुमच्या मदतीला येणार नाही.

आता तुमचा ईमेल. शब्द योग्य होता का, हे त्या तासात काय झालं यावर आहे. तुम्हाला बोलावणाऱ्याकडे तुमच्यावर कारवाईचा अधिकार होता, हे उघड आहे. पुढचं तुम्ही आठवा. ‘मला जायचंय’ म्हटल्यावर जाऊ दिलं का? फोन बाहेर ठेवायला लावला का? दोघा-तिघांनी आळीपाळीने तोच प्रश्न फिरवून विचारला का? कुणी लिहून घेत होतं का, आणि शेवटी सही मागितली का? ‘दुसऱ्याने तर सगळं सांगितलंय’ अशा छापाचं काही तुमच्या कानावर पडावं म्हणून बोललं गेलं का? यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर होय असेल, तर शब्द कडक आहे पण खोटा नाही, मागे घ्यायची गरज नाही. लॉट कधी तपासला, रीडिंग कुणाचं, एवढंच विचारून सोडलं असेल, तर ‘क्वेश्चन्ड’ पुरे होतं.

एक सावधगिरी. कारखान्यात ‘एन्क्वायरी लागली’ म्हणतात ती डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीची अंतर्गत शिस्तभंगाची चौकशी, तिची पायरी वेगळी. आधी आरोपपत्र, मग तुमचं उत्तर, मग एन्क्वायरी ऑफिसर, त्यांच्यासमोर कंपनीचे साक्षीदार, आणि त्या साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्क. केबिनमधला तास यातलं काहीच नव्हता. फार तर प्राथमिक चौकशी. उद्या आरोपपत्र आलं आणि त्या तासातली तुमची ‘उत्तरं’ जोडलेली दिसली, तर प्रत मागा, आणि ती लिहून घेणाऱ्याची उलटतपासणी मागा. म्हणून तुमच्या ईमेलमध्ये त्या प्रसंगाला ‘एन्क्वायरी’ मात्र चुकूनही म्हणू नका. कंपनी उद्या म्हणेल, एन्क्वायरी झाली आहे, त्यांनीच लिहून दिलंय.

शब्द बदलायचा ठरवलंत तर ‘तक्रार मागे घेतो’ असं लिहू नका. एवढंच लिहा की माझ्या अमुक तारखेच्या ईमेलमध्ये ‘इंटरॉगेटेड’ ऐवजी ‘क्वेश्चन्ड ॲट लेंग्थ’ असं वाचावं, बाकी मजकूर कायम. त्याखाली वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावं आणि विचारलेले प्रश्न आठवतील तसे उतरवा, आणि मूळ ईमेल खाली तसाच जोडून पाठवा.